मुलांना विचारून केलेले नियम



जून महिना आला की आमच्या बेळगावात शाळेच्या वाटा पुन्हा भरतात. नवी दप्तरे, नव्या छत्र्या, वह्यांना घातलेली खाकी कव्हरे. त्याच दिवसांत चर्चच्या मागच्या हॉलमध्ये संडे स्कूलचेही नवे वर्ष सुरू होते. मे महिन्यातल्या व्हीबीएसची गाणी मुलांच्या तोंडी अजून असतातच. नवी हजेरीवही येते, पाठांची पुस्तके वाटली जातात आणि पहिल्याच रविवारी एक ठरलेले काम असते, ते म्हणजे वर्गाचे नियम सांगणे. यंदा आम्ही चौघा शिक्षकांनी ठरवले की नियम सांगायचे नाहीत, आधी मुलांना विचारायचे. त्यातून जे घडले ते इतर मंडळ्यांतील शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचा वर्ग मोठा नाही. पहिलीपासून नववीपर्यंतची तीसेक मुले, त्यांचे तीन गट, आणि तिन्ही गट एकाच हॉलच्या तीन कोपऱ्यांत. उपासनेच्या आधीचा एक तास आमचा. घरी सगळी मुले मराठी बोलतात, पण शाळेत कोणी कन्नड माध्यमात तर कोणी इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी शाळेत जाणारी मुले आता थोडी आहेत. सीमाभागातल्या आमच्यासारख्या बहुतेक मंडळ्यांत असेच चित्र दिसेल. ही गोष्ट इथे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे सगळे तिच्यापाशीच येऊन थांबले.

शिक्षकांच्या सभेत हा विचार मांडला तेव्हा पंचांपैकी एका वडीलधाऱ्या काकांनी सरळ हरकत घेतली. ते म्हणाले, "मुलांना विचारून नियम करायचे? मग उद्या दहा आज्ञांवरही मत घ्या. मोशेने सीनाय पर्वताखाली मतदान घेतलं होतं काय?" काका रागाने बोलले नव्हते. ज्यांनी चाळीस वर्षे मंडळीत मुले वाढताना पाहिली, त्यांची ती खरी काळजी होती. देवाचे वचन माणसांच्या पसंतीवर उभे नाही, हे मुलांना लहानपणीच कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ते म्हणणे आम्हांलाही मान्य आहे. म्हणून आम्ही पवित्र शास्त्र उघडले आणि काकांबरोबर बसूनच वाचले.

सीनायपाशी मतदान झाले नाही हे खरेच. पण निर्गमाचा एकोणिसावा अध्याय नीट वाचला तर दिसते की दहा आज्ञा विसाव्या अध्यायात येतात, आणि त्याआधी देव मोशेला लोकांकडे पाठवतो. मोशे वडील जनांना बोलावतो, परमेश्वराचे बोलणे त्यांच्यापुढे मांडतो आणि सगळे लोक एकमुखाने होकार देतात. पुढे चोविसाव्या अध्यायात आज्ञा वाचून दाखवल्यावर तो होकार पुन्हा घेतला जातो. ज्याने लोकांना मिसरातून सोडवले, त्याला त्यांचे "होय" विचारण्याची काय गरज होती? फारोच्या हाताखाली याच लोकांना कोणी काही विचारले नव्हते, विटांची संख्या तेवढी सांगितली जात होती. देवाने मात्र त्यांच्याशी करार केला, आणि करार म्हटला की दुसऱ्या बाजूचा आवाज त्यात असतोच.

नहेम्याच्या पुस्तकात तर आमचा प्रश्न अधिकच जवळून आला. बंदिवासातून परतलेले लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले, एज्राने नियमशास्त्र वाचले आणि लेव्यांनी त्याचा अर्थ समजावून दिला. तिथे पुरुष होते, स्त्रिया होत्या आणि ज्यांना ऐकून समजत होते असे सगळे होते. दोन अध्यायांनंतर लेखी करार झाला, त्यावर प्रमुखांचे शिक्के उठले, आणि त्या करारात सामील झालेल्यांमध्ये मुलगे आणि मुली यांचाही स्पष्ट उल्लेख आहे (नहेम्या १०:२८). अट एकच होती, समजण्याइतकी बुद्धी असावी. काकांनी ती ओवी चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे समजावल्याशिवाय सही नाही, आणि समजलं तर मुलांचीही सही चालते."

तेव्हा एक गोष्ट आम्ही आपसांत पक्की केली. शेजाऱ्यावर प्रीती करायची की नाही, हा प्रश्न मुलांपुढे ठेवायचा नाही. ती आज्ञा आहे. पण या हॉलमध्ये, या तीस जणांत, रविवारी सकाळी नऊ ते दहा या वेळेत ती आज्ञा पाळायची म्हणजे नक्की काय करायचे, हे मुलांना विचारायचे. कारण त्या तासात शेजारी कोण आणि त्याला कुठे लागते, हे मुलांना जास्त ठाऊक असते.

पहिल्या रविवारी प्रार्थना झाल्यावर आम्ही फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले. या वर्गात आनंदाने यावेसे वाटते ते कशामुळे? आणि काय झाले की यावेसे वाटत नाही? "नियम" हा शब्द काढला नाही. तो काढला की मुले शाळेतले पाठ केलेले नियम म्हणून दाखवतात: शांत बसावे, रांगेत यावे, मोठ्यांचे ऐकावे. चिठ्ठ्यांवर नाव घालायचे नाही असे सांगितले. लहान गटातल्या मुलांनी चित्रे काढली किंवा शिक्षिकेच्या कानात सांगितले.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा काही अपेक्षेप्रमाणे होत्या. गाणी जास्त हवीत. मागच्या गटाचा आवाज येतो, गोष्ट ऐकू येत नाही. कोणी ढकलू नये. एकाने दर रविवारी चॉकलेट मागितले होते. पण सगळ्यांत जास्त चिठ्ठ्यांत वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट होती: वचन वाचताना चुकले की मुले हसतात. त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांत शब्द मराठी होते आणि अक्षरे इंग्रजी. देवनागरी लिहायला जमत नाही, म्हणून मुलांनी मोबाइलवर लिहितात तसे लिहिले होते.

तीन शब्दांची एक चिठ्ठी होती. तिचा अर्थ असा: वाचायला लावू नका. ती कोणाची हे आम्ही शोधले नाही. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर हळूहळू यायचा बंद झालेला, सहावीतला एक मुलगा आम्हांला आठवत होता. पोट दुखते, क्लास आहे, पाहुणे आलेत, अशी घरून कारणे येत होती. यंदा तो आईने आणून सोडल्यामुळे आला होता आणि दाराजवळच्या बाकावर बसला होता.

बंधुभगिनींनो, वरवर ही छोटी गोष्ट वाटेल. पण आमच्यासारख्या मंडळीत मराठी वाचायची लाज वाटणे म्हणजे पवित्र शास्त्र उघडायची लाज वाटणे. शाळेत मराठी नाही. घरी मराठी बोलतात, वाचत नाहीत. आठवड्यातून एकदा ज्या ठिकाणी हे मूल मराठी अक्षरे वाचते ते ठिकाण म्हणजे संडे स्कूल, आणि तिथेच त्याला हसले तर ते पुस्तक मिटून ठेवते. आणखी दहा वर्षांनी तोच मुलगा उपासनेत मागच्या बाकावर बसतो, गीतांचे पुस्तक हातात धरतो आणि ओठ हलवत नाही. मग आपण म्हणतो, तरुण मंडळीत रमत नाहीत.

दुसऱ्या रविवारी चिठ्ठ्यांतले मुद्दे फळ्यावर घेऊन चर्चा झाली. मोठ्या गटातून उशिरा येणाऱ्यांचा विषय निघाला. आठवीतल्या एका मुलाने नियमही सुचवला: नऊच्या पुढे आला तर प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभे राहायचे. बऱ्याच जणांनी हात वर केले. आम्ही एवढेच विचारले की उशीर कशामुळे होतो. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, आमच्याकडे पाणी सकाळी येतंय. ज्या रविवारी येतंय त्या दिवशी मम्मी कामावर असते. मी भरते, मग भावाला तयार करते, मग येते की ओ."

फळ्याजवळ उभ्या असलेल्या त्या आठवीतल्या मुलाने आपणहून डस्टर उचलले आणि आपलेच वाक्य पुसले. नंतर मुलांनी मिळून ठरवले ते असे: वेळेवर यायचा प्रयत्न करायचा. उशीर झाला तर गुपचूप येऊन बसायचे. बाकीच्यांनी वळून बघायचे नाही, आणि शेजाऱ्याने पान काढून द्यायचे.

हा नियम आम्ही चौघांनी सभेत बसून केला असता तर तो असा झाला नसता. कोणाच्या घरी पाणी कधी येते हे आमच्या हजेरीवहीत लिहिलेले नसते.

संडे स्कूलच्या चळवळीचे नाव ज्यांच्याशी जोडले जाते ते रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरात अशी शाळा सुरू केली. आठवडाभर कामावर राबणारी मुले रविवारीच काय ती मोकळी असत. चांगले कपडे नाहीत म्हणून मूल घरी राहू नये, असे त्यांना वाटे. आहे त्या कपड्यांत या, फक्त हात-तोंड धुऊन आणि केस विंचरून या, एवढीच त्यांची अट सांगितली जाते. वर्गातल्या सर्वांत गरीब मुलालाही पाळता येईल तो नियम चांगला, ही कसोटी आम्ही तिथून घेतली. पाणी भरणाऱ्या त्या मुलीने ती कसोटी न शिकवता आमच्यापुढे ठेवली.

पुढचा प्रश्न शिक्षेचा. इथे आम्ही थक्क झालो. मुले स्वतःवर किती कडक असतात! नियम मोडला तर महिनाभर गाणी म्हणू द्यायची नाहीत, ख्रिसमसच्या नाटकात घ्यायचे नाही, नाव फळ्यावर लिहून ठेवायचे, अशा सूचना आल्या. शाळांमध्ये मारणे आणि मानसिक त्रास देणे शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या सतराव्या कलमाने बंद केले आहे. संडे स्कूल ही काही तशी शाळा नव्हे, पण नाव फळ्यावर लिहून लाज आणणे हे प्रभूच्या घरात कसे शोभेल? तरीही "नाही, असे चालणार नाही" असे आम्ही लगेच म्हटले नाही. त्याऐवजी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट पोलंडमधल्या वॉर्सा शहराची. यानुश कोर्चाक नावाच्या यहुदी डॉक्टरांनी तिथे १९१२ पासून अनाथ मुलांचे घर चालवले. त्या घरात मुलांचेच न्यायालय होते. कोणाचीही तक्रार असली तर तिथे नोंदवायची आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांनी निकाल द्यायचा. कोर्चाक यांनी त्यासाठी जी कलमे लिहिली, त्यांपैकी पहिली नव्व्याण्णव कलमे सोडून देण्याची आणि क्षमा करण्याची होती. दोष ठरवणारे कलम शंभराव्या क्रमांकापासून सुरू होई. मुलांनी खुद्द कोर्चाक यांच्यावरही तक्रारी केल्या आणि ते त्या न्यायालयापुढे उभे राहिले. पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्या घरातल्या मुलांना त्रेब्लिंकाच्या छावणीत नेले, तेव्हा स्वतःचा जीव वाचवण्याची संधी असूनही ते मुलांबरोबर गेले आणि परत आले नाहीत. ही गोष्ट सांगताना मोठ्या गटात कोणी हलले नाही.

दुसरी गोष्ट आपल्या प्रभूची. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भावाने अपराध केला तर काय करावे ते येशूने पायरीपायरीने सांगितले आहे. आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोलावे. ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना न्यावे. मंडळीपुढे नेणे ही त्यानंतरची पायरी. आणि त्याच अध्यायात पेत्र विचारतो की किती वेळा क्षमा करायची, तेव्हा प्रभूचे उत्तर मोजणीच्या पलीकडे जाते.

मग मुलांनीच क्रम लावला. ज्याला लागले त्याने आधी एकट्याने जाऊन सांगायचे. भीती वाटत असेल तर एक मित्र बरोबर न्यायचा. तरी थांबले नाही तर टीचरकडे यायचे. फळ्यावर नाव नाही, नाटकातून काढणे नाही. "सॉरी म्हटलं की विषय संपला," असे एका मुलीने शेवटी जोडले.

शेवटी पाच नियम उरले. वाचणाऱ्याला हसायचे नाही, अडला तर शेजाऱ्याने हळू सांगायचे. उशिरा आलेल्याला जागा करून द्यायची. एक जण बोलतो तेव्हा बाकीच्यांनी ऐकायचे. वाचायचे नसेल तर "आज नको" म्हणता येईल, कारण विचारायचे नाही. आणि पाचवा शिक्षकांसाठी: वर्ग चालू असताना टीचरचा मोबाइल कपाटात. हे नियम तुम्हांलाही लागू का, असे मुलांनी विचारले होते. अर्थातच लागू, असे आम्ही म्हटले. मोठ्या कागदावर मुलांनी ते देवनागरीत लिहिले, एकमेकांना विचारत, काना-मात्रा दुरुस्त करत. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, पहिलीतल्या मुलांनी अंगठे उठवले. काकांनीही सही केली.

जुलैमध्ये नियमाची परीक्षा झाली. जक्कयाचा पाठ होता. दाराजवळच्या बाकावरच्या त्या मुलाने चार रविवार "आज नको" म्हटले होते. त्या दिवशी त्याने पुस्तक पुढे ओढले. "जकातदार" या शब्दावर तो अडखळला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला. आणि मागून हसण्याचा आवाज आला. हसणारा तोच, आठवीतला, नियम लिहिताना सर्वांत पुढे असलेला.

वाचणे थांबले. मुलगा कागदाकडे पाहत होता, भिंतीवरच्या. आम्ही उठलो नाही. त्याने ओळ पूर्ण केली नाही, पुस्तक बंदही केले नाही. शेजारच्या मुलीने हळूच शब्द सांगितला आणि त्याने पुढचे वचन वाचले. वर्ग सुटल्यावर तो चपला घालणाऱ्या त्या मोठ्या मुलाजवळ गेला. काय बोलणे झाले ते आम्हांला ऐकू आले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. एक-दोन मिनिटांचेच असेल. पुढच्या रविवारी मोठा मुलगा जागा बदलून त्याच्या शेजारी बसला. अडले की तो आता शब्द सांगतो, कधीकधी जरा मोठ्यानेच.

यावरून कोणी असे समजू नये की आमचा वर्ग आता आदर्श झाला. मागच्या कोपऱ्यातला आवाज तसाच आहे. ढकलाढकली होते. तो मुलगा अजूनही एखाद्या रविवारी येत नाही आणि त्याचे वाचन अजून अडखळते. पण न येण्याची कारणे आता पोटदुखीची नसतात, त्याची तो स्वतः फोन करून सांगतो. आणि "टीचर, नियम" असे जेव्हा एखादे मूल दुसऱ्याला म्हणते, तेव्हा त्यात टीचरची भीती नसते. स्वतःची सही आठवलेली असते.

ज्या शिक्षकांना आपल्या वर्गात असे करून पाहायचे असेल त्यांना आमच्याकडून चार गोष्टी. एक, घाई करू नका. आम्हांला तीन रविवार लागले आणि त्या काळात पाठ थोडे मागे पडले तरी चालले. दोन, चिठ्ठ्या निनावी ठेवा आणि अक्षर ओळखीचे वाटले तरी ओळख दाखवू नका. तीन, नियम पाचांच्या वर जाऊ देऊ नका, आणि "हे करू नका" बरोबर "हे करा" असेल असे पाहा. हसू नका एवढ्याने भागत नाही, मदत कशी करायची तेही हवे. चार, मुलांना आधीच सांगा की हे नियम पुन्हा वाचले जातील. आम्ही ते नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी पुन्हा उघडणार आहोत. ज्याचा उपयोग नाही तो काढू, नवे काही लागत असेल तर ते मुलेच सांगतील.

आणि पालकांना एक विनंती. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मुलाला किंवा मुलीला एक वचन मराठीतून वाचायला सांगा. अडले तर हळू सांगा. घरातल्या मोठ्यांनाही अडखळायला होत असेल तर आळीपाळीने वाचा. आमच्या वर्गाचा पहिला नियम घरीही चालतो.

प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला हाक मारतोस आणि आमच्या उत्तराची वाट पाहतोस, म्हणून तुझे आभार. आमच्या वर्गातल्या प्रत्येक लेकराला तुझ्या वचनाची गोडी दे आणि वाचताना अडखळणाऱ्या जिभेला धीर दे. ज्यांना घरची कामे उरकून यावे लागते त्यांच्यासाठी आमच्या बाकावर जागा राहो. शिकवणाऱ्यांना ऐकण्याचे कान दे, आणि एकमेकांना क्षमा करायला आम्हां सर्वांना शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.